उभ्या जागी चाललेली गाडी

गाडी विकायची असं ठरलं त्या सकाळी धारवाल्यानं ती धुवायला काढली, पण बादली अर्ध्या अंगणात येईपर्यंतच त्याला धाप लागली. बादली तिथंच ठेवून तो उंबऱ्यावर येऊन बसला. हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत वर ओढलेले. बायको भांडी घासत होती. तिनं एकदा पाहिलं, राखेचे हात धुतले आणि त्याच्या खांद्यावरचं फडकं घेऊन स्वतःच गाडी पुसायला लागली.

"टाकीवर जोर देऊ नको," थोड्या वेळानं त्याला बोलता आलं. "रंग निघतोय."

"निघायचा राहिलाय कुठं," ती म्हणाली.

गाडी साधी मोटरसायकल राहिलेली नव्हती. मागची सीट काढून तिथं लोखंडी चौकट जोडलेली होती आणि चौकटीवर ताटाएवढी गोल साण बसवलेली होती. मागच्या चाकाला एक पुली, पुलीवरून साणेपर्यंत रबरी पट्टा. गावात शिरलं की धारवाला गाडी मोठ्या स्टँडवर उभी करून पट्टा चढवायचा, मागचं चाक अधांतरी सुटायचं. गिअर टाकला की चाक फिरायचं, चाकाबरोबर साण फिरायची आणि तिच्यावर विळे, सुऱ्या, कुऱ्हाडी, न्हाव्याचे वस्तरे, शिंप्याच्या कात्र्या एकेक करून उजळून निघायच्या. आधी त्याच्याकडे पायानं फिरवायची साण होती, खांद्यावर घेऊन हिंडायची. गाडीवर साण चढवायची कल्पना त्याचीच. वेल्डिंगवाल्याच्या दुकानात उभं राहून त्यानं ती चौकट खडूनं जमिनीवर काढून दाखवली होती आणि त्या दिवशी घरी येऊन तो जेवायचंच विसरला होता.

त्या साणेची धूळ त्याच्या छातीत बसली. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. दोन्ही बाजूंना पिठासारखं काहीतरी भुरभुरलेलं दिसत होतं. हे आता निघणार नाही, डॉक्टर म्हणाले, औषधानं खोकला दबेल, पण श्वास कमीच पडत जाणार. घरी हवेचं मशीन ठेवा, रात्री आणि दुपारी नाकाला नळी लावून झोपवा. नवं मशीन परवडायचं नाही हे त्यांनीच सांगितलं. वापरलेलं अठरा हजारांपर्यंत मिळतं म्हणाले, नाहीतर महिन्याच्या भाड्यानं.

यंदा पावसानंही दडी मारली होती. पीक गुडघ्याएवढं वाढलं आणि तिथंच करपलं. लोकांनी ते उपटून जनावरांपुढं टाकलं. कापणीच नाही म्हटल्यावर विळे भिंतीला लटकवलेले तसेच राहिले. एरवी या दिवसांत धारवाल्याला जेवायला सवड नसायची. यंदा तो तब्येतीनं घरात बसला तेव्हा, बरंच झालं, तसंही काम नाहीच, असं बायको शेजारणींना सांगायची. सांगताना आपण कुणाची समजूत घालतोय हे तिचं तिलाच कळत नसे.

गाडीची किंमत काय सांगायची हे दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून ते आधी मेस्त्रीकडे गेले. गॅरेज रस्त्याच्या कडेलाच होतं, जवळच, पण मधे चढ होता. गाडी तिनं ढकलली. तो मागून चौकटीला हात लावून चालत होता. ढकलायला म्हणून लावलेला हात थोड्या वेळानं आधाराला लागला हे तिला वजनावरून कळलं. ती थांबली नाही, फक्त सावकाश झाली.

मेस्त्री यांच्या जुन्या ओळखीचा. त्यानं धारवाल्याला टायरवर बसवलं, हातातलं काम टाकून गाडी चालू केली आणि डोकं कलतं करून ऐकत राहिला. मग चेन हलवून पाहिली, पुढचं चाक फिरवून पाहिलं, मीटर पाहिलं. वयाच्या मानानं गाडी कमी फिरलीय म्हणाला. चासी मागं कापून जोडलीय, त्याचं नुकसान होणार. पण साण, चौकट, पुली, पट्टा हे सगळं धरलं आणि घेणारा हाच धंदा करणारा असला, तर अठरा मागायला हरकत नाही. नुसती गाडी म्हणून विकायला गेलात तर कोण काय देईल ते मी सांगू शकत नाही.

अठरा म्हटल्यावर बायकोनं धारवाल्याकडे पाहिलं. डॉक्टरांच्या तोंडचाच आकडा मेस्त्रीच्या तोंडून आला होता. तिला तो शकुनच वाटला. धारवाला मात्र मीटरकडे बघत होता.

परतताना उतार होता. गाडी आपोआप चालत होती, बायकोला ती फक्त आवरायची होती.

"मीटरचं बोलायला हवं होतं," तो मागून म्हणाला.

मीटर पुढच्या चाकावर चालतं. गाडी स्टँडवर उभी असताना पुढचं चाक जागचं हलत नाही, आणि इंजिन मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत धडधडत असतं. अशी कितीतरी वर्षं गाडी उभ्या जागी चालली होती. त्यातलं काहीच मीटरवर चढलेलं नव्हतं.

"त्याला काय साण दिसत नाही?" ती शेवटी म्हणाली. "त्यानं सगळं धरूनच सांगितलं असेल."

"असेल," तो म्हणाला.

हाच धंदा करणारं गिऱ्हाईक कुठं शोधायचं? आजूबाजूच्या गावांत दुसरा धारवाला नव्हताच. यानंच इतकी वर्षं कुणाला पाय रोवू दिले नव्हते. तेव्हा जे अभिमानाचं होतं तेच आता आडवं आलं. लोक बघायला यायचे, साणेवर बोट फिरवायचे, कुणी पोरांना वर बसवायचं, आणि घेऊन काय करू म्हणून निघून जायचे. शेवटी मेस्त्रीच म्हणाला की बाजाराच्या गावाला जुन्या गाड्यांचं दुकान आहे, त्याला दाखवून बघा. त्याला तिकडे सामान आणायला जायचंच होतं, तो गाडी चालवत घेऊन गेला. ही दोघं बसनं गेली.

दुकानासमोर गाड्या ओळीनं उभ्या होत्या, तेलाचा हात फिरवून चमकवलेल्या. त्यांच्या शेजारी साणेची गाडी लावून मेस्त्री आपल्या कामाला निघून गेला. दुकानदार बाहेर आला तो दात कोरत. हे काय, असं त्यानं विचारलं. धारवाल्यानं सांगितलं. दुकानदारानं गाडीला एक फेरी मारली, मागं वाकून चासीवरच्या वेल्डिंगच्या गाठींना नख लावलं आणि आत खुर्चीवर बसलेल्या दोघा-तिघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी आहे का गिरणी?" ते हसले. धारवालाही हसला. हसण्यानं त्याला खोकला आला.

खोकला थांबेपर्यंत दुकानदार वाट बघत राहिला. मग म्हणाला, चालू करून दाखवा.

बायको पुढं झाली होती, पण धारवाल्यानं तिला हातानंच मागं सारलं. तो गाडीवर चढला. पहिली किक नीट बसली, पण गाडी घेईना. दुसरीला पाय खालपर्यंत गेलाच नाही. तिसऱ्या वेळी त्यानं हँडलवर अंग टाकून पाय मारला, किक उलटून त्याच्या नडगीवर बसली आणि तो तसाच हँडलवर ओणवा राहिला. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, छाती भात्यासारखी आणि हवा मात्र आत जात नाही. खुर्चीवरचे लोक उठून दारात आले. कुणीतरी पाण्याचा ग्लास आणला. त्याला पाणी नको होतं. पण हात हलवून नको म्हणायलाही श्वास लागतो.

बायकोनं त्याला उतरवून पायरीवर बसवलं. त्याची पाठ चोळावी असं तिच्या मनात आलं, पण तिनं तसं केलं नाही. इतक्या लोकांदेखत त्याला ते नको वाटलं असतं. ती गाडीपाशी गेली. चप्पल काढली, साडी गुडघ्याशी आवळून धरली आणि उभ्यानंच किक मारली. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. घरी रोज सकाळी, इंजिन बसू नये म्हणून, तीच चालू करायची.

"चालू होते," ती म्हणाली.

"झाली की," दुकानदार म्हणाला. मग तो धारवाल्याकडे बघत बोलायला लागला, जसं काही गाडी आणि माणूस एकच वस्तू आहे. चासी गेलेली. किक धरत नाही. धूर मारतेय थोडा. वर हे लोखंड उतरवायचं, पुली काढायची, नवी सीट बसवायची, त्याला खर्च. नऊ देईन. आणि हे लोखंड तुम्ही उतरवून आणायचं.

तिनं अठरा म्हटले. दुकानदार आत वळला, वळता वळता म्हणाला की अठरात तो त्या निळ्या गाडीसारखी गाडी विकतो, कापलेली नाही, जोडलेली नाही. निळी गाडी खरंच चांगली दिसत होती.

मेस्त्री येईपर्यंत दोघं पायरीवर बसून राहिली. दुकानदारानं उठा म्हटलं नाही. फक्त गिऱ्हाईक आलं की तो, जरा वाट द्या, एवढंच म्हणायचा, आणि दोघं पाय आवळून घ्यायची.

त्यानंतर लेकीचा निरोप आला. धारवाल्याला ही एकच लेक, बबी. दोन गावं पलीकडे दिलेली. निरोप असा होता की गाडी बाहेर कुणाला देऊ नका, जावई घ्यायचं म्हणतात, आम्ही येतोय.

जावई पोती वाहायचा त्या गिरणीचं काम आधीच बंद पडलं होतं. लग्नानंतरच्या वर्षी तो हौसेनं सासऱ्याबरोबर फेरीला हिंडला होता आणि विळ्याला धार लावायला बऱ्यापैकी शिकलाही होता. धारवाल्याला हे का सुचलं नाही याचं आता त्यालाच नवल वाटायला लागलं. त्या दिवशी तो बराच बोलला. गाडी घरातच राहील. ओळखीची गावं तुटणार नाहीत. पोरीचं घर उभं राहील. आणि घेणारा हाच धंदा करणारा आहे, म्हणजे मेस्त्रीचा भाव जसाच्या तसा लागू होतो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. परक्याशी घासाघीस करता येते, भांडता येतं. जावयाशी काय बोलणार? जावयाला पाट मांडून द्यायचा, का त्याच्यापुढं हात पसरायचा?

ते आले तेव्हा ऊन तापलं होतं. जावई दारातच वाकून पाया पडला, मामा, बरं आहे का विचारलं आणि भिंतीशी चटईवर बसला. माणूस अबोल. आल्यापासून तो जमिनीकडेच बघत होता. बबीनं आल्या आल्या पाण्याचा हंडा भरून आणला, बापाचे पाय दाबले, आईच्या हातातलं काम काढून घेतलं. जेवायला बसली तेव्हा आईनं पाहिलं, पोरगी मान वर न करता जेवत होती. पुन्हा वाढू का विचारलं तर नको म्हणाली आणि वाढल्यावर तेही संपवलं. तिच्या गळ्याची हाडं दिसत होती. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या.

जेवणं झाल्यावर पुरुषमाणसं बाहेरच्या खोलीत बसली. गाडीचं नाव कुणी काढेना. जावयानं पावसाचं विचारलं, धारवाल्यानं पावसाचं सांगितलं. मग जावई उठला आणि जरा बघून येतो म्हणून अंगणात गाडीपाशी जाऊन उभा राहिला. आत चुलीपाशी मायलेकी होत्या. मधे दार नव्हतं, नुसता पडदा होता.

"आई," बबी खरकटी ताटं एकात एक घालत म्हणाली, "गाडीचं आम्ही घरी बोललोय. बारा देतो."

आईला आधी वाटलं की नीट ऐकू आलं नाही.

"अगं, मेस्त्रीनं अठरा सांगितलेत."

"साण धरून सांगितलेत ते."

"मग साणेसकटच घेताय ना तुम्ही?"

ताटं ठेवून बबीनं हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. मग ती बोलायला लागली ती पाठ करून आल्यासारखी. दुसरा गिअर सुटतो. साण अर्धी झिजलीय, वर्षभरात नवी घालावी लागेल. मागचा टायर पट्ट्याच्या ओढीनं एका बाजूला खाल्लाय. थंडीत चोक दिल्याशिवाय गाडी घेत नाही. लहानपणापासून ती या गाडीच्या टाकीवर बसून बापाबरोबर हिंडली होती. गाडीचं दुखणंखुपणं तिला आईपेक्षा जास्त माहीत होतं. आई ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत चालला होता. पोरीनं सांगितलेलं एकही खोटं नव्हतं.

"आणि मीटर," बबी म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला. "मेस्त्रीनं मीटर बघितलं ना? उभी राहून गाडी किती चालली ते त्याला दिसणार नाही. तुला माहितीय, मला माहितीय."

"तुला हे त्यांनी बोलायला लावलंय."

"कुणी लावलं नाही."

"मग सासूनं."

बबीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. "आई, मी बारावर आणलंय त्यांना. माझं मला ठाऊक कसं ते. इथून गाडी न घेता गेले तर मी..." चुलीतली विझलेली लाकडं ती उगाच पुढं-मागं करत राहिली.

आईला खूप बोलायचं होतं. तुझ्या बापाच्या नाकाला लावायचं मशीन अठराला आहे, आणि तू त्याच्यातून सहा काढून नेतेयस, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिची नजर पोरीच्या मनगटावर गेली.

पडदा हलला. धारवाला भिंतीला धरून उभा होता. त्यानं किती ऐकलं असेल हे विचारायचीही गरज नव्हती. घर ते केवढं.

"क्लचचं राहिलं," तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"क्लचच्या प्लेटा गेल्यात. चढाला गाडी नुसती ओरडते." प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता. "ते तू सांगितलं नाहीस. तुला माहीत नसेल. तू सासरी गेल्यावर झालंय."

"बाबा," बबी म्हणाली.

"बाकी बरोबर सांगितलंस. मीटरचं तर अगदी बरोबर." तो खरोखरच गिऱ्हाइकाचं बोलणं पटल्यासारखी मान हलवत होता. "प्लेटांना खर्च आहे. अकरा धर."

"बारा म्हटलेत आम्ही."

"घेताना कळायला पाहिजे, नंतर कुणी म्हणायला नको. अकरा बरोबर आहेत."

बबी तोंडावर हात धरून मागच्या दारानं बाहेर गेली. आई बसल्या जागी बसून राहिली. तिला नवऱ्याचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणीसुद्धा येईना. एक हजार. कुणी न मागता, कुणी न बोलता, त्यानं स्वतःच्या तोंडानं एक हजार उतरवले होते. आणि तो असा उभा होता जसा काही सौदा त्याच्याच मनासारखा झाला.

"मशीन कशानं आणायचं?" तिनं विचारलं.

"भाड्यानं आणू."

"आणि भाडं संपल्यावर?"

तो पडद्यामागं वळला.

संध्याकाळी जावयानं अकरा दिले. नोटा देताना त्यानं दोन्ही हात पुढं केले होते आणि मान खाली होती. धारवाल्यानं त्या न मोजता बायकोकडे दिल्या. गाडीच्या कागदांवर सह्या झाल्या. मग तो जावयाला घेऊन गाडीपाशी गेला आणि पट्टा किती ताणायचा, साण कधी छिन्नीनं खरवडायची, वस्तऱ्याला पाणी कसं लावायचं हे सांगत बसला. त्याला मधे मधे थांबावं लागे आणि जावई अवघडून उभा राही. सगळ्यात शेवटी धारवाला म्हणाला, "तोंडाला फडकं बांधत जा. ओलं करून. मी नाही बांधलं. मला गुदमरायचं."

"बांधीन, मामा," जावई म्हणाला. त्या दिवसभरात त्यानं उच्चारलेलं ते सगळ्यात मोठं आश्वासन होतं.

बबी मागच्या चौकटीवर साणेच्या कडेला बसली, जिथं बसायला जागा नव्हती तिथं. जाताना तिनं आईकडे पाहिलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर अंगणात तेलाचा एक काळा डाग तेवढा राहिला. बायकोनं त्याच्यावर माती टाकली.

मशीन भाड्यानं आलं. अनामत आणि पुढच्या महिन्यांचं भाडं देऊन थोडे पैसे उरले ते औषधांना गेले. खाटेशेजारी ते ठेवलं, तेव्हा घरात दुसरं काही ठेवायला जागाच उरली नाही. ते सारखं घरघरत असायचं. धारवाला नाकाला नळी लावून भिंतीला टेकून बसायचा. दिवे गेले की मशीन बंद पडायचं आणि घरात अचानक शांतता व्हायची. मग बायको पुठ्ठा घेऊन त्याला वारा घालायची. त्यानं काही उपयोग होत नाही हे दोघांनाही कळत होतं, पण दिवे येईपर्यंत ती पुठ्ठा खाली ठेवत नसे. गाडीचा विषय त्यांच्यात निघत नव्हता. तिचा राग गेला नव्हता. त्याला मात्र कुणी घरी आलं की सांगायला आवडायचं की गाडी घरातच दिली, व्यवहारानं दिली, कुणाला कुणाचं ओझं नाही.

एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला आणि पाठोपाठ साणेचा. लोखंड दगडाला लागल्याचा तो आवाज ऐकून धारवाला सावरून बसला.

"जावई आले," तो म्हणाला. "जा ना. काही असलं तर घेऊन जा धारेला."

घरात धार लावण्यासारखं काही नव्हतं. हा घरात असताना कुठलं पातं बोथट राहिलं होतं? तरी ती सुरी आणि कात्री घेऊन बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी, चौथऱ्यापाशी बायकांची गर्दी जमली होती. जावयानं तिला पाहिलं, जरासा चपापला. मामी, द्या, म्हणून त्यानं आधी तिचंच काम हातात घेतलं. सुरी त्यानं चांगली केली. कात्रीवर मात्र जरा जास्त दाब दिला. शेजारणी बघत होत्या. मामांना बरं आहे का, त्यानं विचारलं. आहे, ती म्हणाली. बबीचं विचारलं तर बरी आहे म्हणाला.

"किती झाले?" तिनं विचारलं. विचारायची रीत म्हणून विचारलं.

जावयानं साणेकडे बघत आकडा सांगितला. मघाशी शेजारणीला सांगितला होता तोच.

तिनं कनवटीला खोचलेली नाणी काढली. त्यानं ती घेऊन खिशात टाकली. शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. ती सुरी आणि कात्री पदराखाली धरून घरी आली.

धारवाल्यानं हात पुढं केला. सुरीच्या धारेवर त्यानं आडवा अंगठा फिरवला. कात्री कानाशी नेऊन उघडझाप करून ऐकली.

"दाब जास्त देतोय. शिकेल हळूहळू," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "किती घेतले?"

"घेतले नाहीत," ती म्हणाली. हे आपण का बोललो ते तिला कळलं नाही. "मामींकडून काय घ्यायचे म्हणाले."

धारवाल्याचा चेहरा एकदम फुलला. बऱ्याच दिवसांत तिनं तो तसा पाहिला नव्हता. त्यानं भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि तसाच पडून राहिला. पण थोड्याच वेळात त्यानं डोळे उघडले, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली होती.

"असं नको," तो म्हणाला. "पोराचा हात सैल दिसतोय. आज मामी, उद्या शेजारीण, परवा मेस्त्री. असा धंदा होतो का? पोरीनं खायचं काय मग?"

"राहू दे ना. एवढ्याशानं काय होतंय."

"एवढ्याशानंच होतं." त्याला धाप लागायला लागली. नळी त्यानं नाकापासून बाजूला केली, बोलायला आडवी येत होती. "जा. देऊन ये. घेत नसले तर साणेच्या चौकटीवर ठेव आणि म्हणावं, मामांनी सांगितलंय. धंद्यात नातं बघायचं नाही म्हणावं."

"अहो..."

"जा ना. गाडी निघेल."

त्याला आणखी बोलू दिलं तर काय होईल हे तिला दिसत होतं. तिनं नळी त्याच्या नाकाला नीट लावली, फडताळातल्या डब्यातून तेवढीच नाणी पुन्हा काढली आणि बाहेर आली.

गल्लीच्या तोंडाशी साण फिरत होती. बायका अजून होत्या. आणखी दोन पावलं टाकली असती तर जावयानं तिला पाहिलं असतं. ती शेजारच्या घराच्या कोपऱ्याशी भिंतीला अंग लावून उभी राहिली. एक कुत्रं येऊन तिच्या पायाशी हुंगून गेलं. मुठीतली नाणी घामानं ओली झाली. एक विळा झाला, दुसरा झाला. कुणीतरी कुऱ्हाड आणली होती, तिला वेळ लागला. मग गाडी स्टँडवरून उतरल्याचा आवाज आला, गिअर पडला, आणि आवाज पुढच्या गल्लीकडे गेला.

ती घरात आली.

"दिले?"

"दिले."

"घेतले का?"

"घेत नव्हते. तुमचं नाव सांगितल्यावर घेतले."

"घेणार. मी सांगितल्यावर घेणार तो," धारवाला म्हणाला. तो शांत झाला होता. मशीनची घरघर चालू होती आणि तिच्या तालावर त्याची छाती वर-खाली होत होती. त्याची नजर तिच्याकडेच होती.

डबा फडताळात होता, त्याच्या डोक्याच्या अगदी वर. नाणी टाकली असती तर वाजली असती. तिनं ती डाव्या मुठीत तशीच धरली, आणि उजव्या हातानं केरसुणी घेऊन घर झाडायला लागली.